जिन्याच्या कारखान्यातली लाल किल्ली

१

सोमवारी सकाळी सव्वाआठला जिन्यांच्या कारखान्यात पहिला आवाज व्हायला हवा होता तो कटिंग मशीनचा. त्या दिवशी झाला मालकांचा.

"किल्ली कुठाय?"

पॉलिशच्या खोलीत बसलेल्या मावशीच्या हातातला बोळा जागीच थांबला. पंचवीस वर्षं ती या कारखान्यात लाकूड घासत आली होती. मालकांचा रागाचा आवाज तिच्या ओळखीचा होता, पण आजच्या आवाजात राग कमी आणि घाबरगुंडी जास्त होती. हात पुसत ती बाहेर आली.

ड्रॉइंगच्या खोलीच्या दारात सगळे जमले होते. आत कॉम्प्युटरसमोर तिची भाची उभी होती. आधी ती एकटीच मावशी म्हणून हाक मारायची, पण तिचं ऐकून सगळा कारखाना मावशीला मावशी म्हणू लागला होता. भाची जिन्यांची ड्रॉइंगं करायची. आठवडाभर रजेवर होती, आजच परतली होती, आणि आज तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"मालक, मी आत्ता येऊन बसले. ड्रॉइंग उघडायला गेले तर पडद्यावर ही पैसे भरायची पाटी आली. मागे हात घातला तर किल्ली नाही."

किल्ली म्हणजे बोटाच्या पेराएवढी लाल पिन. कॉम्प्युटरच्या मागच्या भोकात ती कायम खोचलेली असायची. बारा वर्षांपूर्वी मालकांनी जिन्यांची ड्रॉइंगं करायचं सॉफ्टवेअर एकदाच पैसे मोजून कायमचं विकत घेतलं, त्यासोबत ती आली होती. पिन जागेवर असेल तरच प्रोग्राम उघडायचा. आता त्या कंपनीने विकणं बंद केलं होतं. नवा प्रोग्राम फक्त भाड्याने मिळायचा, दर वर्षी भरायचं आणि भरणं थांबलं की दार बंद. म्हणजे ही पिन हरवली तर दुसरी मिळायची सोय नव्हती, आणि कारखान्याचे चारशे जिने त्या प्रोग्राममध्ये होते. त्यातला एक, वाचनालयाचा गोल जिना, आज कापायचा होता. उद्या सकाळी तो बसवायला माणसं येणार होती.

"महिन्यापूर्वी तूच म्हणालीस ना," मालक भाचीला म्हणाले, "ही पिन एक दिवस हरवेल आणि मग भाड्याचंच घ्यावं लागेल?"

"हरवेल म्हणाले. हरवीन म्हणाले नव्हते."

"खोलीचं कुलूप सकाळी कोणी उघडलं?"

"मीच."

"मग झालं तर. खुर्चीतून ऊठ. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. पाच वाजेपर्यंत किल्ली या टेबलावर आली नाही तर उद्यापासून यायची गरज नाही. आणि का काढलं ते कोणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही."

सगळं सामसूम होतं. मशीन बंद असल्यामुळे शब्द न् शब्द शेवटच्या सुतारापर्यंत पोचला. या धंद्यात दहा-बारा कारखाने, सगळे एकमेकांना ओळखणारे. चोर म्हणून इथून गेलेल्या मुलीला दुसरीकडे कोण दारात उभं करणार?

भाची रडली नाही. ती मावशीकडे बघत राहिली. मावशीला वाटलं, त्यापेक्षा रडली असती तर बरं झालं असतं.

"मालक," मावशी म्हणाली, "पाचपर्यंत वेळ दिलात ना? मग पाचपर्यंत ती चोर नाही. आणि पाचपर्यंत मला पॉलिशला सुट्टी."

"तुम्ही काय करणार?"

"विचारत हिंडणार. म्हाताऱ्या बाईला कोण नाही म्हणतंय?"

२

मावशीने सुरुवात भोकापासून केली.

कॉम्प्युटरच्या मागे ती गुडघ्यांवर बसली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि किल्लीच्या रिकाम्या जागेकडे टक लावून पाहिलं. मग बोट न लावता हळूच फुंकर मारली. काही उडालं नाही. करंगळीच्या नखाने खरवडलं, तेव्हा फिकट पिवळा पापुद्रा नखावर आला.

"मालक, ही धूळ बघा."

"लाकडाच्या कारखान्यात धूळ नसेल तर काय अत्तर असेल?"

"तसं नव्हे. मी धुळीवर पोट भरलंय. कालची धूळ फुंकरीने उडते. दोन दिवसांची बोटाला लागते. अशी पापुद्रा धरून बसलेली धूळ सहा-सात दिवसांची. पिन जागेवर असती तर धूळ भोकाच्या आत गेलीच नसती. तुमची किल्ली आज सकाळी नाही गेली. आठवडा झाला तिला जाऊन, आणि आठवडाभर ही पोरगी इथे नव्हती."

मालक वाकून भोक बघू लागले. मग दारात उभे असलेले त्यांचे धाकटे भाऊ हसले. धाकटे कारखान्याचा बाहेरचा व्यवहार बघायचे. सदरा कायम इस्त्रीचा, बोलणं त्याहून इस्त्रीचं.

"मावशी, पण गेल्या आठवड्यात रोज काम झालंय. मशीनवरच्या मिस्त्रींनी रोज ड्रॉइंग उघडून मशीनला दिलंय. पाच जिने कापले. किल्ली नसती तर कापले असते का?"

मालकांची मान लगेच हलली. "ऐकलंत? धूळ बिळ राहू द्या."

मावशीने नखावरचा पापुद्रा पुन्हा पाहिला. धूळ खोटं बोलत नव्हती, आणि कापलेले पाच जिनेही खोटे नव्हते.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मालकांनी उचलला, ऐकलं, आणि फोनवर हात ठेवून चकित होऊन म्हणाले, "टायवाला आहे. विचारतोय, काम अडलंय का?"

३

टायवाला म्हणजे गळ्यात टाय बांधून भाड्याचा प्रोग्राम विकत फिरणारा माणूस. गेल्या सोमवारी तो नव्या प्रोग्रामची तारीफ करायला येऊन गेला होता. मालकांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं.

"आज पाचच्या आत सही केली तर पहिल्या वर्षाला सूट देतो म्हणतोय," मालकांनी फोन ठेवला. "संध्याकाळी कागद घेऊन येईल. दुसरं करणार तरी काय आता?"

"त्याला तुम्ही फोन केला होता?" मावशीने विचारलं.

"नाही."

"धाकट्यांनी?"

"मी सकाळपासून इथेच आहे की," धाकटे म्हणाले.

"मग इथलं काम अडलंय हे त्याला कसं कळलं?"

"चोर तोच!" भाची पुटपुटली. मावशीलाही क्षणभर तसंच वाटलं. टायवाला आला, चहा प्यायला, जाताना पिन खिशात घातली, आणि आता आठव्या दिवशी दुकान मांडलं. पण मग पाच जिने? ते पाच जिने तिच्या घशात काट्यासारखे अडकले होते.

चहाच्या सुट्टीत सगळे मागच्या अंगणात गेले. मावशी भाचीला घेऊन पायरीवर बसली.

"तू खरंच म्हणाली होतीस भाड्याचा चांगला म्हणून?"

"चांगलाच आहे मावशी. जिना फिरवून दाखवतो, चूक झाली की ओरडतो. पण घ्यायचा तर सगळं समजून घ्यावा. मी चोरी करून गळ्यात कशाला मारीन? आणि मला खुर्चीत धड बसूही दिलं नाही. एकदा ड्रॉइंगवर माउसच्या दोन टिचक्या मारल्या, ती पैशांची पाटी आली, आणि मालक आलेच अंगावर."

"कॉम्प्युटरचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?"

"उघडायचा सगळ्यांना. पण नवीन काही आत घालायचं तर दुसरा लागतो. तो मला आणि धाकट्यांना. मालकांना सांगितला होता, पण ते म्हणाले मला कशाला ती भानगड."

आतून मालकांची हाक आली. आवाज असा की दोघी धावतच गेल्या.

कॉम्प्युटरच्या मागे, आपल्या जुन्या जागी, लाल किल्ली खोचलेली होती.

४

"भुतानं आणून ठेवली?" मालक किल्लीकडे बोट दाखवत होते, हात लावायची हिंमत नव्हती.

"उघडून बघा ना," धाकटे म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच सुरकुतला होता.

मालकांनी स्वतः वाचनालयाच्या जिन्यावर दोन टिचक्या मारल्या. पुन्हा तीच पाटी. पैसे भरा, पुढे जा.

"जाळली!" मालक खुर्चीत कोसळले. "कोणीतरी किल्ली जाळून परत ठेवली. आता असून नसून सारखीच." त्यांची नजर पुन्हा भाचीकडे वळली.

"ती माझ्याजवळ बसली होती," मावशी म्हणाली. "दुसरा कोणी शोधा." तिने किल्ली अलगद काढली, खिडकीपाशी नेली. लोखंडी टोकात, बारीक फटीत, निळी पूड होती. मावशीने ती बोटावर घेतली, वास घेतला आणि थेट मशीनकडे गेली.

मशीनवर मिस्त्री बसायचे. पन्नाशीचा माणूस, दिवसाला दहा वाक्यं बोलायचा, त्यातली चार मशीनशी. कापलेल्या पायऱ्यांवर ते निळ्या खडूने आकडे टाकायचे, आणि खडूचे तुकडे सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवायचे.

"मिस्त्री, खिसा उलटा करा."

मिस्त्रींनी खिशावर हात ठेवला. मग काढून घेतला. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुमचा खडू तिच्या टोकात बसलाय. आठवडाभर खिशात ठेवलीत, होय ना?"

"मावशी, मी चोर नाही हो," मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेल्या सोमवारी तो टायवाला कॉम्प्युटरच्या मागे वाकून वायरी बघत होता. मला काही त्याचं लक्षण बरं दिसेना. ते चहाला गेले तशी मी किल्ली काढून घेतली. गर्दीत बायका गळ्यातलं काढून पदरात बांधतात ना, तसं. तो गेला की लावू म्हटलं."

"मग लावली का नाहीत?"

"विसरलो."

"विसरलात? आठ दिवस?"

"आठवण कशी होणार? दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग उघडलं तर उघडलं. अडलं असतं तर खिशात हात गेला असता. आज सकाळी मालक ओरडले तेव्हा खिशात हात गेला. तेव्हाच बोलायचं धाडस झालं नाही. पोरीला बोलले, तरी मी गप्प. चहाच्या वेळी लावून आलो. वाटलं, लागली की सगळं पूर्वीसारखं होईल."

मावशी ऐकत होती, पण तिचं मन एका वाक्यावर अडकून बसलं होतं. किल्ली मिस्त्रींच्या खिशात होती. आणि कुलूप सात दिवस उघडत होतं.

"मिस्त्री," तिने अगदी हळू विचारलं, "ते उघडायचं, ते नेहमीसारखंच दिसायचं?"

"नाही. जरा रंग वेगळा होता. पण धाकटे म्हणाले, कंपनीने नवा रंग दिलाय, घाबरू नका, दाबा."

मावशी ताडकन वळली.

५

मावशी अक्षरं शिकली ती चाळिशीत, भाचीच्याच पाटीवर. लहानपणी शिकलेली माणसं नजर टाकतात आणि पुढे जातात. मावशीला ते जमायचं नाही. ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत बोट ठेवून जायची, औषधाची बाटली असो की बसचं तिकीट.

तिने कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढली. पडद्यावर पैशांची पाटी होती. सकाळपासून पाच जणांनी ती पाहिली होती. वाचली कोणीच नव्हती.

"मोठ्याने वाचते," ती म्हणाली. "माझं हळू चालतं, कंटाळा आला तर बसा."

दारात मालक, धाकटे, भाची, मिस्त्री, मागे सुतार. मावशीचं बोट पडद्यावरून सरकू लागलं.

"'आपला सात दिवसांचा मोफत वापर संपला आहे. काम चालू ठेवण्यासाठी वार्षिक सबस्क्रिप्शन घ्या.' त्याखाली बारीक अक्षरात, 'या आवृत्तीत जतन केलेली ड्रॉइंगं जुन्या आवृत्तीत उघडणार नाहीत.'"

ती वळली.

"मालक, तुमचा जुना प्रोग्राम मोफत वापर संपला असं का म्हणेल? तो तर तुम्ही बारा वर्षांपूर्वीच विकत घेतलाय. हा जुना नाहीच. हा टायवाल्याचा आहे. गेल्या सोमवारी तो आत घातला आणि असा लावला, की ड्रॉइंगवर टिचकी मारली की हाच उघडावा. म्हणून किल्ली खिशात असताना पाच जिने कापले गेले. याला किल्ली लागतच नव्हती. सात दिवस फुकट चालला, आणि आज आठव्या दिवशी बंद पडला. टायवाल्याला फोन करायची गरज नव्हती. त्याला दिवस मोजता येतात."

"पण आत घातला कोणी?" मालकांनी विचारलं.

"आत घालायला दुसरा पासवर्ड लागतो. तो दोघांना माहीत. एक रजेवर होती." मावशीने पडद्यावरचं बोट काढलं. "दुसऱ्याने मिस्त्रींना सांगितलं, कंपनीने नवा रंग दिलाय, घाबरू नका."

सगळ्यांच्या माना धाकट्यांकडे वळल्या.

धाकट्यांनी खिशातून रुमाल काढला, तसाच परत ठेवला. "दादा, मी वाईट काही केलं नाही. तू बघायलाच तयार नव्हतास. म्हटलं, आठवडाभर त्यावर काम होऊ दे, मग सांगू, की बघ, काम किती सुरळीत झालं. काल सांगायचं राहिलं. आणि आज सकाळी किल्लीच नाही म्हटल्यावर..."

"म्हटल्यावर?"

"वाटलं, आता तू आपोआपच सही करशील."

"आणि ही पोरगी?"

"संध्याकाळी समजावणार होतो तुला. दोन-चार तासांचा तर प्रश्न."

"दोन-चार तास?" भाची पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "धाकटे, तुम्ही दोन-चार तास चोर होऊन बघा. मग सांगा, लवकर जातात का."

६

साडेतीन वाजले होते. भाची खुर्चीत बसली. मालकांनी स्वतः ती मागे ओढून दिली.

"जुना प्रोग्राम आहे, काढलेला नाही," ती म्हणाली. "फक्त त्याचं चित्र पडद्यावरून उचललंय." तिची बोटं भराभर चालू लागली. मावशीने लाल किल्ली पुसून, फुंकर मारून जागेवर खोचली. पडदा एकदा काळा झाला. मग राखाडी चौकट उघडली, जुनी, साधी, कोपऱ्यात विटलेलं चित्र असलेली. मागून सुतारांनी शिट्टी मारली.

"थांबा," भाची म्हणाली. "अजून वाचनालयाचा जिना उघडायचाय. मावशीने वाचलं ते ऐकलंत ना? आठवड्यात कोणी तो नव्या प्रोग्राममध्ये जतन केला असेल, तर जुन्यात उघडणार नाही. मग सगळं पहिल्यापासून. उद्या काही होत नाही." ती वळली. "मिस्त्री, तुम्ही ड्रॉइंग बंद करताना तो विचारतो, बदल जतन करायचे का. तुम्ही काय दाबता?"

मिस्त्री भाचीकडे वळले. "आठवतंय का तुला, पहिल्या वर्षी मी तुझा एक जिना बिघडवला होता?"

"बावीसच्या जागी एकवीस पायऱ्या झाल्या होत्या."

"तेव्हा तू म्हणालीस, परत कधी 'होय' दाबलंत तर बोट कापून मशीनवर ठोकीन. तेव्हापासून मी 'नाही'च दाबतो. मरेपर्यंत 'नाही'च दाबीन."

भाचीने दोन टिचक्या मारल्या. पडद्यावर रेषा उमटू लागल्या. एक पायरी, मग दुसरी, आणि मग सगळा जिना गोल फिरत वर चढत गेला, एकोणतीस पायऱ्या, एकही कमी नाही.

मिस्त्री मशीनकडे धावले. त्या वयाचा माणूस धावताना कारखान्याने प्रथमच पाहिला.

मालकांनी फोन भावाच्या हातात दिला. "टायवाल्याला तूच सांग, यायची गरज नाही. भाड्याचं कधी घ्यायचं झालंच, तर ही मुलगी सांगेल का, कसं आणि किती दिवसांसाठी. आणि कॉम्प्युटरचा तो दुसरा पासवर्ड आता तुझ्याकडे राहणार नाही. तो फक्त तिच्याकडे."

धाकट्यांनी फोन घेतला. कानापर्यंत नेताना त्यांची बाही पहिल्यांदाच चुरगळलेली दिसली. "दादा, रागावू नकोस."

"रागावलो नाही. लाज वाटतेय. तुझी थोडी, माझी जास्त."

मशीन सुरू झालं. पातं लाकडात शिरलं आणि सगळा कारखाना त्या कर्कश आवाजाने भरून गेला. वाचनालयाची पहिली पायरी कापली जात होती. मालक भाचीजवळ गेले, घसा साफ केला आणि काहीतरी पुटपुटले.

भाचीने कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

मालकांनी पुन्हा ओठ हलवले.

"ऐकू येत नाही, मालक."

मावशीने मशीनकडे बघून हात वर केला. मिस्त्रींनी बटण दाबलं. पातं गुरगुरत थांबलं. सकाळसारखीच सामसूम झाली. सुतार हातातलं काम सोडून उभे राहिले.

मालकांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं.

"मी चुकलो," ते म्हणाले, अगदी शेवटच्या सुताराला ऐकू जाईल अशा आवाजात. "ही मुलगी चोर नाही. कधीच नव्हती. मी सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो."

भाचीचे डोळे आता भरले, सकाळपासून अडवून धरलेले. तिने ते मनगटाने पुसले, मान ताठ केली आणि मिस्त्रींकडे वळून ओरडली, "बघताय काय? अजून अठ्ठावीस पायऱ्या बाकी आहेत. चालू करा!"